किड्यांच्या रक्ताची पाहणी

वसईला जाऊन आलेल्या माणसाने किल्ल्याचे वर्णन करावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. किल्ला मी पाहिला. तो जागेवर आहे. ज्यांना अधिक माहिती हवी असेल त्यांनी ती अन्यत्र मिळवावी. कारण त्या तालुक्यात पाच-सहा दिवस राहून मी जे पाहिले ते किल्ल्याहून फार लहान, वीतभर लांबीचे आणि चिखलात राहणारे आहे. त्याच्याविषयी एका सरकारी कागदावर जे वाक्य लिहिले गेले, ते वाचून माझ्या अंगाचा झालेला तिळपापड साताऱ्यास परत येऊन तीन महिने लोटले तरी शमलेला नाही.

मी चौतीस वर्षे दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. माझी मुलगी सुमन हिने दीड वर्षापूर्वी स्वतःच्या मनाने वसईकडील एका बागाईतदाराच्या मुलाशी, म्हणजे आमच्या जातीबाहेर, लग्न केले. देश स्वतंत्र झाल्यावर कायदा अशा विवाहांच्या बाजूने नुकताच बदलला होता. कायदा एका बाजूला आणि शिरस्तेदार दुसऱ्या बाजूला, हे शक्य नव्हते. चडफडत का होईना, मी अक्षता टाकल्या. त्यानंतर आश्विनात प्रथमच तिच्या घरी गेलो.

मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घेऊ नये, ही आमच्याकडची रीत. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी ती पाळतो. म्हणून जेवणासाठी वसई गावात देवळाजवळची एक खाणावळ ठरवली आणि पाण्यासाठी माझा फिरकीचा तांब्या बरोबर घेतला: शुद्ध तांब्याचा, चिंचेने आतबाहेर घासलेला, झाकण पिळून बसवले की प्रवासात थेंब न सांडणारा. या भांड्याने पुढे जे केले ते मी लपवणार नाही.

सोमवार : पानमळा

स्टेशनापासून टांग्याने निघालो. आमच्या साताऱ्याकडे विहिरीला पाणी लागले की लोक नारळ फोडतात, पेढे वाटतात. इथे दर शेपन्नास पावलांवर विहीर, विहिरीवर बैल जुंपलेला रहाट, आणि रहाटाचे पाणी पाटापाटाने केळीत शिरलेले. पाण्याचा इतका सुकाळ पाहून मला प्रथम आनंद झाला आणि मग, का ते सांगता येत नाही, राग आला.

व्याही हरिभाऊ फाटकाशी उभे होते. उंच, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर, पायाला माती. स्वतः राबणारा बागाईतदार आहे हे पाहून बरे वाटले.

"या, व्याहीबुवा! निदान गूळपाणी तरी?"

"नातवंड झाले की घागरभर पिईन."

"म्हणजे आल्या आल्या सूनबाईवर नोटीस बजावलीत म्हणा की!"

आत सुमन हसल्याचे ऐकू आले. दीड वर्षाने ते हसणे ऐकत होतो. हरिभाऊंविषयी माझे मत तेथेच चांगले झाले, आणि खरे सांगायचे तर आजही ते पुरते वाईट झालेले नाही.

दुपारी त्यांनी पानमळा दाखवला. उन्हाने पोळलेला माणूस त्या हिरव्या अंधारात शिरला की आपोआप हलक्या आवाजात बोलू लागतो. शेवरीच्या सरळ खोडांवर विड्याच्या पानांच्या वेली चढलेल्या, पायाखाली ओली माती. हरिभाऊंनी एका वेलीच्या बुंध्याशी बोट नेले. बुंधा काळा पडून कुजला होता.

"मर," ते म्हणाले. "दोन वर्षांत तीन मळे गेले. ही वेल आज हिरवी दिसते, आठवड्यात लोळते. शेवटी मोरचूद आणले, तेव्हा कुठे हा एक मळा उभा राहिला."

मळ्याच्या टोकाला एक सिमेंटची टाकी होती. पाण्यात गोणपाटाच्या पिशवीत मोरचुदाचे खडे टांगलेले. पाणी असे निळे, की देवाच्या तसबिरीतल्या कृष्णाची आठवण व्हावी. शेजारच्या पिंपात चुन्याची निवळी. दोन्ही मिसळून ते औषध वेलींच्या मुळाशी घालतात. मिसळल्यावर हरिभाऊंनी एक लोखंडी सुरी त्यात बुडवली, थोड्या वेळाने काढली, पुसली आणि माझ्यासमोर धरली.

"पात्यावर तांबूस थर चढला तर समजायचे, चुना कमी पडला. तसे औषध वेलीलाच जाळते. पाते कोरे राहिले की ठीक."

प्रत्येक खेपेला असा पुरावा घेणारा माणूस मला आवडतो. मी विचारले, "आणि निळी टाकी धुतल्याचे पाणी?"

"ओहोटी लागली की ओढ्यात, आमच्या व्हाळात, सोडतो. खाडीतून जाते समुद्राला. समुद्राला काय, तो सगळे पचवतो."

त्यांच्या या दूरदृष्टीचे मी त्या वेळी कौतुक केले. तेही येथे नमूद करतो.

मंगळवार : खाडीचा काठ

सकाळी बांधाबांधाने खाडीपर्यंत चालत गेलो. गावाचे नाव देत नाही, कारण प्रकरण अजून निकाली निघालेले नाही. ओहोटी होती. पाणी मागे हटून चिखलाचे राखी पटांगण उघडे पडले होते. त्यात गुडघाभर रुतून एक साठीची बाई कुदळीने चिखल उलथत होती. उलथलेल्या ढेकळातून ती काहीतरी वेचून कमरेच्या टोपलीत टाकी.

"बाई, काय वेचता?"

"सोनं," ती वर न बघता म्हणाली. "पायजे का? जोडं काडा नि या."

जोडे काढले. चौथ्या पावलाला मी मांडीपर्यंत रुतलो, छत्री चिखलात गेली, आणि त्या बाईने मला मनगटाला धरून म्हशीच्या रेडकासारखे ओढून काढले. तिचे नाव हिराबाय. टोपलीत वीतभर लांबीचे किडे वळवळत होते, आणि ते लाल होते: कातडीचा रंग नव्हे, आतले रक्त बाहेर दिसावे तसे लाल. गळाला लावायला यांच्यासारखे आमिष नाही, असे ती म्हणाली. तिचे दोन्ही मुलगे कळंबच्या किनाऱ्यावरून गळाची मासेमारी करतात. ती किडे खणते, ते मासे धरतात, सुना बाजारात विकतात. घर या चिखलावर चालते.

मग तिने मला व्हाळाच्या मुखाशी नेले. माझ्या व्याह्यांच्या मळ्याकडून येणारे पाणी तेथे खाडीला मिळते. तिने चार ठिकाणी कुदळ मारली. दोन ठिकाणी काही नाही. दोन ठिकाणी किडे निघाले, पण लुळे, आणि रंगाने जुन्या विटलेल्या कुंकवासारखे.

"आमच्या सासूपासनं हितं खनतो. पयले सगल्यात मोठं किडं हितंच. आता बगा. त्यो निला पानी ओहोटीला सोडतात. अरे, भरतीला सोडा, दर्या तरी घिल! ओहोटीला चिकल उगडा, किडा तोंड काडून बसलेला, नि त्याच्याच डोक्यावर सोडतात."

हरिभाऊंनी समजून उमजून निवडलेली वेळच नेमकी चुकीची होती. समुद्राला जावे म्हणून ओहोटीला सोडलेले पाणी समुद्राला जाण्याआधी उघड्या चिखलावरून, एक थेंबही न मिसळता, वाहत होते.

"अर्ज केलात?"

तिने कनवटीची मेणकापडाची पुरचुंडी सोडली, कागद काढला आणि माझ्याकडे देता देता हात मागे घेतला.

"तुमी हरिभाऊच्या सुनंचा बाप ना? टांग्यातनं येताना बगितलं. मंग नका वाचू. तुमाला तरास."

"बाई, मी चौतीस वर्षे कागद वाचले. आणा इकडे."

कागद एका कचेरीचा होता. कचेरीचे नाव लिहीत नाही. त्या कचेरीला ते ठाऊक आहे. त्यावर लिहिले होते की, सदर किडे कोणाच्याही मालकीचे नसल्यामुळे अर्जदाराचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही; तथापि शुक्रवारी स्थळपाहणी करण्यात येईल, व त्या वेळी पुरावा न मिळाल्यास अर्ज दप्तरी दाखल करण्यात येईल.

दप्तरी दाखल! ज्यांनी कचेरीत आयुष्य घालवले नाही त्यांना सांगतो: दप्तरी दाखल म्हणजे कागदाला तिरडीवर बांधणे. त्यानंतर त्या कागदाला फक्त वाळवी वाचते. हिराबायला एकच गोष्ट हवी होती, व्हाळाचे निळे पाणी थांबावे. आणि तिच्यासाठी शुक्रवारनंतर पुन्हा दार उघडणार नव्हते.

"पुरावा मी आणतो," मी म्हणालो.

"व्याह्याच्या इरुद्द?"

"विरुद्ध नव्हे. त्या वाक्याच्या विरुद्ध."

ती हसली. "वाक्य काय खातं, बाबा? वाक्याला पोट नसतं."

मंगळवार, दुपार : सांतान मास्तर

खाणावळीत तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी आणि वालाचे बिरडे वाढले. जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी पापुद्र्यासारखी वाटते. तीन खाल्ल्या तरी जेवलो असे वाटेना, आणि चौथीनंतर उठवेना. खाणावळवाल्यानेच सांगितले की, किड्यांचे रक्त वगैरे असले काही विचारायचे तर सांतान मास्तर.

सांतान मास्तर मुंबईच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेले. किल्ल्याजवळ कौलारू घर, ओसरीवर क्रूस, क्रूसाखाली काचेच्या नळ्यांची मांडणी. माझे म्हणणे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, हेच मोठे. न्यायाधीशही घेत नसत.

"साहेब, हा किडा गरीब, पण रक्त श्रीमंताचं," ते म्हणाले. "आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. याच्यात पेशीबिशी नाहीत. तांबडा पदार्थ रक्तात तसाच विरघळलेला. त्याच्या पोटात लोह. ते लोह हवेतला प्राणवायू धरतं आणि अंगभर पोचवतं. ओहोटीला चिखल कोंडतो, तेव्हा तेवढ्याच शिदोरीवर तो तगतो."

"आणि मोरचूद?"

"मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. पाण्यात ते तांबं सुटं होतं. ते या लोहाला जणू गंजवतं. लोह असतं, पण हवा धरायचं विसरतं. रक्त तपकिरी. किडा चिखलात बसल्या बसल्या गुदमरतो." मग बोट वर करून: "सगळे धातू मात्र वाईट नाहीत हां. चुन्याचा क्षार थोडा घातला, तर हेच रक्त जास्त दिवस टिकतं, हवा नीट धरतं, हे मी स्वतः पाहिलंय. का, ते विचारू नका. मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी सांगत नाही."

शेवटच्या वाक्यासाठी मी त्या माणसाला मनोमन नमस्कार केला.

त्यांच्याकडे पितळेची बोटभर नळी होती, आत लोलक. पातळ केलेले रक्त काचेत धरून तिच्यातून पाहिले, तर उजेडाचा सप्तरंगी पट्टा दिसतो, आणि निरोगी रक्त असेल तर त्याच्या हिरव्या-पिवळ्या भागात दोन काळ्या रेघा उभ्या राहतात. तांब्याने बिघडलेल्या रक्तात त्या पुसट होतात आणि एक नवी रेघ लाल भागात येते. याहून स्वच्छ साक्ष मी न्यायालयात पाहिली नाही. साक्षीदार लाच घेत नाही आणि उलटतपासणीत गडबडत नाही.

"दोन पाणी आणा," मास्तर म्हणाले. "व्हाळाच्या मुखाचं एक, आणि लांबच्या चांगल्या चिखलाचं एक, थोडे किडे घालून. बाटली एकच आहे माझ्याकडे, दुसऱ्याला स्वच्छ भांडं घ्या. उद्या पुतणीचं लग्न आहे. परवा सकाळी या."

बुधवार : माझी चूक

ओहोटीला हिराबायबरोबर गेलो. व्हाळाचे पाणी मास्तरांच्या बाटलीत भरले, कारण ते विष माझ्या भांड्यात घालणे शक्य नव्हते. लांबचे निर्मळ पाणी आणि पाच लालबुंद किडे कशात घ्यायचे? स्वच्छ भांडे, असे मास्तर म्हणाले होते. तांब्याहून स्वच्छ काय? देवाला तांब्याचे ताम्हन, संध्येला तांब्याची पळी, आरोग्याला तांब्यातले पाणी. मी तांब्या तीनदा विसळला, खाडीचे पाणी भरले, किडे सोडले आणि फिरकी घट्ट पिळली.

वाचकांपैकी जे हसू लागले असतील त्यांनी हसावे. घरोघरी देवघरात जे भांडे असते, तेच त्यांनीही वापरले असते.

त्या दिवशी मी आणखी एक अपराध केला. पाहणी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून टपालात टाकला की, व्हाळाच्या पाण्याने रक्त बिघडते व निर्मळ पाण्याने बिघडत नाही, हे अर्जदार निर्विवाद सिद्ध करील. पुराव्याआधी निर्विवाद हा शब्द लिहिणाऱ्या कारकुनाला मी एके काळी दिवसभर उभे केले होते.

गुरुवार : दोन नळ्या

मास्तरांनी बाटली उघडली. आपल्या काचेच्या बरणीत राखलेल्या जिवंत किड्याचे ताजे रक्त दोन नळ्यांत घेतले, आणि पहिल्या नळीत व्हाळाचे पाणी टाकले. थोड्या वेळात रक्त तपकिरी. पितळी नळी माझ्या डोळ्याशी दिली. लाल भागात रेघ. माझा आनंद गगनात मावेना.

मग माझा तांब्या उघडला. पाचही किडे मेलेले. त्या पाण्याने दुसऱ्या नळीतले रक्तही तपकिरी झाले. लाल भागात रेघ, पहिलीहून ठळक.

मास्तरांनी पितळी नळी खाली ठेवली. मग तांब्यावर नख वाजवले.

"साहेब, आत खारं पाणी. दिवसभर, रात्रभर. तांबं त्यात उतरणारच. तुम्ही आरोपीलाच साक्षीदाराच्या खोलीत निजवलंत की हो!"

आणि ते इतके हसले की आतून त्यांची बायको पाहायला आली.

मला दोन रस्ते दिसत होते. तांब्यातले पाणी फेकून द्यावे, काचेत नवे आणावे, आणि कोणाला काही बोलू नये. मास्तर बोलणार नव्हते. पण हा तपशील मला ठाऊक असताना अधिकाऱ्याला ठाऊक नसणे, याला कायद्याच्या भाषेत एक नाव आहे, आणि ते नाव मी इतरांच्या कागदावर फार वेळा लिहिले आहे. मी तेथेच दुसरा अर्ज लिहिला: कालच्या अर्जातील 'निर्विवाद' हा शब्द मागे घेत आहे, निर्मळ पाण्याचा नमुना निम्नस्वाक्षरीकाराच्या स्वतःच्या तांब्याच्या भांड्यामुळे बिघडला. त्याची एक प्रत प्रतिपक्षाला देणे आवश्यक होते. प्रतिपक्ष पानमळ्यात होता.

हरिभाऊंनी प्रत वाचली. दोनदा वाचली.

"व्याहीबुवा, हे तुम्ही स्वतः मला आणून दिलेत?"

"नियम आहे."

"अहो, वकील लावला असता तर एवढे काम त्यानेही केले नसते माझे!" ते हसले; मग हसणे थांबले. "तुम्हाला किडे दिसतात. मला ही वेल दिसते. औषध बंद करा म्हणता? मग मळा मेला की तुमच्या लेकीला काय घालू जेवायला?"

"औषध बंद करा असे मी कोठेही लिहिलेले नाही. पुन्हा वाचा. धुण्याचे पाणी, एवढेच."

हिराबायकडे जाऊन सांगणे याहून अवघड गेले. तिने ऐकले, कुदळ चिखलात रोवली आणि म्हणाली, "एवडं शिकलात, नि पानी कशात ठेवायचं ते कळत नाय? आमी मडक्यात ठेवतो. आमाला इचारायचं होतं."

तिला विचारण्याचे मला सुचलेच नव्हते.

सायंकाळी अंगणात सुमन जवळ आली. "बाबा, टाकी धुतात तेव्हा मी पाहते. मला अजून कोणी विचारलेलं नाही."

"मीही विचारणार नाही. मी परवा साताऱ्यास जाईन. तुला याच घरात राहायचे आहे."

ती काही बोलली नाही. आमच्या घरात न बोलणे हा होकार नसतो, हे मला कळायला हवे होते.

शुक्रवार : चिखलातले कामकाज

पाहणी अधिकारी दुपारच्या ओहोटीला सायकलवरून आले, पाटलोण घोट्याला दोरीने बांधलेली. तरुण होते. सुकलेल्या बांधावर उभे राहून एकंदर प्रकरण पाच मिनिटांत उरकावे, असा त्यांचा विचार दिसला. मी दोन्ही अर्जांच्या प्रती त्यांच्या हाती दिल्या. गावचे दहा-बारा लोक लांब उभे होते. जवळ कोणी येईना, कारण निम्म्या गावाला हरिभाऊंच्या वाडीत काम मिळते.

मास्तरांनी तीन नळ्या मांडल्या, तिन्हींत सर्वांसमक्ष काढलेले ताजे रक्त. पहिलीत हिराबायच्या मडक्यातले लांबचे पाणी. रक्त लालच राहिले. दुसरीत व्हाळाच्या मुखाचे, आत्ताच बाटलीत भरलेले. तपकिरी. अधिकाऱ्यांनी पितळी नळी डोळ्याला लावली आणि प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर कचेरीबाहेरचे काही उमटले.

"पण साहेब," हरिभाऊ पुढे झाले, "चांगलं पाणीही काल तपकिरी झालं होतं. त्यांनीच लिहून दिलंय. मग माझ्या व्हाळाचाच दोष कशावरून?"

"तिसरी नळी," मी म्हणालो, आणि मास्तरांनी तिच्यात माझ्या तांब्यातले कालचे पाणी घातले. तपकिरी. "साहेब, या पाण्याने हरिभाऊंचा व्हाळ कधी पाहिला नाही. मोरचूद पाहिले नाही. त्याने फक्त तांबे पाहिले, आणि रक्त बिघडले. म्हणजे बिघडवणारे तांबेच, हे सिद्ध झाले. तांब्यातल्या पाच किड्यांना मी मारले. त्या अपराधात पहिला आरोपी म्हणून माझे नाव लिहा. व्हाळाच्या मुखाशी ज्यांनी मारले, त्यांचे दुसरे लिहा."

अधिकारी म्हणाले, "ते ठीक. पण किडे कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न राहतोच."

चौतीस वर्षांत न्यायालयात मी कधी आवाज चढवला नव्हता. खाडीला छप्पर नाही. "किड्याचा मालक कशाला शोधता? वहिवाट शोधा! ही बाई, तिच्यापूर्वी तिची सासू, येथे उघडपणे, कोणाची परवानगी न मागता, कोणी न अडवता खणत आली. अडवणारा कोणी असेल तर आत्ता पुढे येऊ द्या!"

कोणी आले नाही. एक बगळा तेवढा उडाला.

"टाकी व्हाळात धुतात, याला साक्ष?" अधिकाऱ्यांनी हरिभाऊंकडे पाहिले.

"गडी कुठे ओततात, मी काय प्रत्येक वेळी उभा असतो?" हरिभाऊ म्हणाले. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. सोमवारी त्यांनी मला सांगितले होते. पण पाहुण्याशी केलेली बोलणी मी पुराव्यात कशी आणू, या विचारात मी पडलो असतानाच बांधावरून सुमन आली. डोक्यावर पदर, पाय चिखलाने भरलेले.

"मला जबाब द्यायचा आहे."

"आपण कोण?"

"यांची सून. त्यांची मुलगी."

अधिकारी गोंधळले. "मग जबाब कोणाच्या बाजूने लिहू?"

"बाजू नका लिहू, दिवस लिहा. दर आठ दिवसांनी, ओहोटी लागली की, टाकी धुतात. निळं पाणी व्हाळाला जातं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. गड्यांना वेळ सांगतात ते मामंजीच."

मी खाली पाहत राहिलो.

हरिभाऊंनी सुमनकडे पाहिले. "ती खिडकी भिंत फोडून मीच बसवली. सूनबाईला उजेड पाहिजे म्हणून."

आणि त्यांनी जबाब नाकारला नाही. हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे.

अधिकाऱ्यांनी बांधावरच लेखणी चालवली. टाकीचे धुणे व्हाळात सोडू नये. वाडीत खड्डा खणून त्यात ओतावे व सुरीचे पाते कोरे राहीपर्यंत चुना घालावा. सुरीची अट मी सुचवली. ती कसोटी हरिभाऊंचीच असल्याने त्यांना हरकत घेता येईना. पण मथळ्यावर 'तात्पुरता आदेश', आणि किड्यांच्या मालकीविषयीचे ते वाक्य जसेच्या तसे. मी ते खोडण्याची मागणी केली. तो माझा अधिकार नाही, असे ते म्हणाले.

हिराबायने वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले.

"तात्पुरतं म्हंजे?"

"अंतिम निर्णय होईपर्यंत," अधिकारी म्हणाले.

"म्हंजे किती भरत्या?"

अधिकाऱ्यांनी सायकलचे हँडल फिरवले.

परतल्यावर

शनिवारी निघताना हरिभाऊंनी विड्याच्या पानांची चवड आणि सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा टांग्यात ठेवला. "व्याहीबुवा, पुढच्या खेपेला येताना खटला आणू नका."

"वाक्य खोडले गेले तर आणणार नाही."

तेव्हापासून दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे उधाणाच्या दिवशी, मी त्या कचेरीला एक पत्र लिहितो. प्रश्न दोनच: ते वाक्य कोणत्या कायद्याने लिहिले, आणि तात्पुरते म्हणजे किती भरत्या? पाच पत्रांना उत्तर नाही. सहाव्याला आले: आपला अर्ज विचाराधीन आहे.

सुमनचे पत्र गेल्या आठवड्यात आले. मामंजी आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी खड्ड्याकडे जाताना त्यांनी सुरी तिच्या हाती दिली: "तूच बघ, थर चढतो का." तेव्हापासून ते काम तिचे आहे. मळा उभा आहे. हिराबायने जिथे लाल किडे लागतात तिथे चिखलात एक काठी रोवली आहे, आणि ती काठी आता व्हाळाच्या दिशेने दोन हात पुढे सरकली आहे.

त्या दोन हातांचा तपशील मी सातव्या पत्राला पुरावा म्हणून जोडला आहे. माझे वय अडुसष्ट. प्रकृती ठणठणीत आहे. कचेरीने याची नोंद घ्यावी.